साथीच्या वर्षी कॉलेज फुटबॉल थांबलं कसं आणि पुन्हा सुरू झालं कसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

११ ऑगस्ट २०२० ला अमेरिकेतल्या बिग टेन या विद्यापीठांच्या संघटनेने कोरोनामुळे फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला. १६ सप्टेंबरला तोच निर्णय एकमताने फिरवला. मधल्या पाच आठवड्यांत कोर्टात दावा दाखल झाला, पालकांनी मुख्यालयासमोर निदर्शनं केली, राष्ट्राध्यक्षांनी स्वतः फोन केला आणि हृदयाच्या एमआरआयचे निष्कर्ष खेळाच्या बातम्यांत वाचायला मिळू लागले. मिशिगन, परड्यू, इलिनॉय, ओहायो स्टेट या विद्यापीठांत आपली मराठी मुलं शिकतात. वर्ग बंद आणि मैदान सुरू, हे चित्र तेव्हा अनेक घरांतून पाहिलं गेलं आणि त्यावरचे प्रश्न आजही विचारले जातात. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

हे फुटबॉल म्हणजे नक्की कोणतं? आणि बिग टेन म्हणजे काय?

अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड आणि दर थोड्या वेळाने खेळाडूंची एकमेकांवर धडक. साथीच्या दृष्टीने ही धडकच महत्त्वाची. रेषेवर समोरासमोर वाकून उभे राहिलेले खेळाडू एकमेकांच्या तोंडावर धापा टाकत असतात आणि एका सामन्यात असं शंभराहून जास्त वेळा घडतं. अंतर राखून हा खेळ खेळताच येत नाही.

बिग टेन ही विद्यापीठांची संघटना. तिकडे तिला कॉन्फरन्स म्हणतात. नावात दहा असले तरी २०२० साली तिच्यात १४ विद्यापीठं होती, न्यू जर्सीतल्या रटगर्सपासून पश्चिमेला नेब्रास्कापर्यंत. बिग टेन, पॅक-१२, एसईसी, एसीसी आणि बिग १२ या तेव्हाच्या पाच मातब्बर कॉन्फरन्स.

कॉलेजच्या खेळासाठी एवढी उलथापालथ कशाला?

कारण हा खेळ नावापुरताच कॉलेजचा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांवर प्रेक्षक बसतात आणि ते ज्या ॲन आर्बर गावात आहे, त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत आहे. वर्षातले सहा-सात शनिवार गावातल्या हॉटेलांचा, बारचा, गाडी लावायला अंगण भाड्याने देणाऱ्यांचा वर्षभराचा हिशेब ठरवतात. २०१८-१९ या आर्थिक वर्षात बिग टेनचं उत्पन्न ७८ कोटी डॉलर होतं आणि बहुतेक सदस्य विद्यापीठांना प्रत्येकी साडेपाच कोटींच्या आसपास वाटा मिळाला. यातला मोठा भाग टीव्हीच्या प्रक्षेपण हक्कांचा. म्हणजे स्टेडियम रिकामं ठेवूनही सामना झाला, तर मोठी रक्कम वाचते. पुढे जे घडलं ते समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

मोठ्या संघांच्या कोचला वर्षाला ७०-८० लाख डॉलर मिळत होते. खेळाडूंना शिष्यवृत्ती, जेवण-राहणं आणि किरकोळ भत्ता. तेव्हा पगार नव्हता, करार नव्हता, संघटना नव्हती. एसईसी-एसीसीपासून बिग टेनपर्यंतच्या या मोठ्या संघांत कृष्णवर्णीय मुलांची संख्या मोठी आहे आणि त्याच वर्षी त्यांच्या समाजात कोरोनाने मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. धोका कोणाचा आणि कमाई कोणाची, हा प्रश्न साथीने पहिल्यांदाच सगळ्यांच्या समोर आणून ठेवला.

निर्णय घ्यायचा अधिकार कोणाला होता? देशपातळीवरची एनसीएए काय करत होती?

एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी राष्ट्रीय संघटना. तिने १२ मार्च २०२० ला बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा एका फटक्यात रद्द केली होती, कारण ती स्पर्धा तिच्या मालकीची आहे. सर्वोच्च गटाच्या फुटबॉलचं तसं नाही. १९८४ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या बाजूने निकाल देताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या प्रक्षेपणावरचं एनसीएएचं नियंत्रण मोडीत काढलं. तेव्हापासून पैसा आणि सत्ता कॉन्फरन्सकडे गेली. राष्ट्रीय विजेता ठरवणारी प्लेऑफ स्पर्धाही एनसीएए भरवत नाही.

त्यामुळे साथीच्या काळात देशभरासाठी एक निर्णय घेणारं कोणी उरलंच नव्हतं. प्रत्येक कॉन्फरन्सचे डॉक्टर वेगळे, सल्ला वेगळा, राज्य सरकारं वेगळी. हार्वर्ड, येलसारख्या आठ जुन्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगने ८ जुलैलाच शरद ऋतूतले सगळे खेळ थांबवले. बिग टेनने दुसऱ्या दिवशी फक्त आपापसात खेळायचं ठरवलं. एसईसी वाट पाहत राहिली. माझ्या मते त्या वर्षीच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. ट्रम्प, गव्हर्नर, पालक, कोच हे सगळे पुढे मध्ये पडू शकले, कारण मधली जागा रिकामी होती.

ऑगस्टमध्ये खेळ थांबवायचं कारण काय होतं?

मुख्य कारण हृदय. कोरोनानंतर हृदयाच्या स्नायूंना सूज येते का, ज्याला मायोकार्डायटिस म्हणतात, ही भीती. तरुण खेळाडू मैदानावर अचानक कोसळून मरण पावतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे. जुलैच्या शेवटी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बरे झालेल्या १०० रुग्णांपैकी ७८ जणांच्या एमआरआयमध्ये हृदयावर काही ना काही परिणाम दिसला. हे रुग्ण मध्यमवयीन होते, खेळाडू नव्हते, आणि अभ्यासातल्या आकडेमोडीत नंतर दुरुस्त्याही कराव्या लागल्या. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निर्णय घेणाऱ्यांच्या हातात तोच कागद होता.

दुसरं कारण चाचण्यांचं. त्या वेळी पीसीआरचा अहवाल यायला कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस लागत होते. शनिवारच्या सामन्यासाठी बुधवारी नमुना घ्यायचा आणि मधले तीन दिवस खेळाडू हॉस्टेलमध्ये फिरायचा, याला काही अर्थ नव्हता.

या परिस्थितीत थांबणं योग्यच होतं, असं मला वाटतं. चूक झाली ती थांबण्याच्या पद्धतीत. बिग टेनने ५ ऑगस्टला नवं वेळापत्रक जाहीर केलं आणि सहाच दिवसांनी हंगाम पुढे ढकलला. त्या सहा दिवसांत काय बदललं, हे मुलांना कोणी समोर बसवून सांगितलं नाही.

खरंच मतदान झालं होतं का? की कमिशनरने एकट्यानेच ठरवलं?

मतदान झालं होतं. पण ते कळायला कोर्टात जावं लागलं.

कमिशनर केव्हिन वॉरन तेव्हा खुर्चीवर नवीन होते. २०२० च्या सुरुवातीला ते आले. पाच मोठ्या कॉन्फरन्सपैकी एखादीचे प्रमुख झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. निर्णयानंतर कोणी कुठे मत दिलं हे सांगायला संघटनेने नकार दिला. पेन स्टेटच्या क्रीडा संचालिकेने तर मतदान झालं की नाही हेच आपल्याला स्पष्ट नाही, असं पत्रकारांना सांगितलं. १९ ऑगस्टला वॉरन यांनी खुलं पत्र लिहून कळवलं की बहुमत मोठं होतं आणि निर्णयाचा फेरविचार होणार नाही.

२७ ऑगस्टला नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी लिंकन शहरातल्या कोर्टात दावा लावला. त्याच्या उत्तरात बिग टेनला आकडा द्यावा लागला: ११ विरुद्ध ३. विरोधातली तीन विद्यापीठं म्हणजे आयोवा, नेब्रास्का आणि ओहायो स्टेट. एवढी साधी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली असती, तर निम्मी अफवा थांबली असती. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांनी हजारो मुलांच्या आयुष्याला हात घालणारा निर्णय बंद दाराआड घ्यावा आणि त्याची नोंदही दाखवू नये, हे मला आजही पटत नाही. १४ पैकी नॉर्थवेस्टर्न सोडलं तर बाकी सगळी सरकारी विद्यापीठंच होती.

खेळाडूंना स्वतःला काय हवं होतं? खेळायचं होतं की नव्हतं?

बाहेरून पाहणाऱ्यांनी याची दोन टोकं केली, आणि त्यात मुलांवर अन्याय झाला.

२ ऑगस्टला पॅक-१२ मधल्या खेळाडूंनी #वीआरयुनायटेड या हॅशटॅगखाली जाहीर पत्रक काढलं. त्यांच्या मागण्या होत्या: स्वतंत्र यंत्रणेने आरोग्याचे नियम ठरवावेत, न खेळणाऱ्याची शिष्यवृत्ती आणि संघातली जागा जाऊ नये, खेळणं संपल्यावरही सहा वर्षं आरोग्य विमा मिळावा, उत्पन्नात वाटा मिळावा, वांशिक अन्यायाविरुद्ध काम व्हावं. नाहीतर सरावाला येणार नाही. मग आठवड्याभरात #वीवाँटटूप्ले आला. क्लेम्सन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) ट्रेव्हर लॉरेन्स, ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स आणि इतर नावाजलेले खेळाडू म्हणू लागले की आम्हाला खेळायचं आहे.

बातम्यांत हे दोन विरोधी गट झाले. प्रत्यक्षात ९ ऑगस्टच्या रात्री दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांशी बोलून एक संयुक्त पत्रक तयार केलं. त्यात पाच गोष्टी होत्या: खेळायचं आहे, सर्व कॉन्फरन्सना सारखे आरोग्य नियम हवेत, न खेळण्याची मुभा हवी, त्यासाठी कोणाचं खेळण्याच्या पात्रतेचं वर्ष वाया जाऊ नये (कॉलेजात मोजकीच वर्षं खेळता येतं), आणि पुढे खेळाडूंची संघटना हवी. विशीतली मुलं, वेगवेगळ्या राज्यांतली, फोनवर एकत्र येऊन एका रात्रीत जे लिहून काढतात ते त्यांच्या संस्थांना पाच महिन्यांत जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांपासून आमदारांपर्यंत सगळ्यांनी त्यातलं पहिलं वाक्य उचललं आणि बाकीच्या चार मागण्या तिथेच राहिल्या. पाचवी तर कोणी उच्चारलीही नाही.

नंतर फील्ड्सने बिग टेनने निर्णय बदलावा म्हणून ऑनलाइन अर्ज सुरू केला. त्यावर तीन लाखांवर सह्या झाल्या. दुसरीकडे पेन स्टेटचा मायका पार्सन्स, एलएसयूचा जामार चेस, ओरेगॉनचा पेनेइ सुएल अशा अव्वल खेळाडूंनी त्या हंगामात न खेळण्याचं ठरवलं. पुढे व्यावसायिक लीगमध्ये जागा नक्की असलेल्यांना हे परवडत होतं. ज्याचं भवितव्य याच हंगामावर अवलंबून होतं, त्याला नाही.

धोका माहीत असून खेळतो, असं मुलांकडून लिहून घेतलं होतं का?

काही ठिकाणी तसा प्रयत्न झाला. जूनमध्ये सरावासाठी परतताना ओहायो स्टेटने खेळाडूंकडून आणि पालकांकडून एका प्रतिज्ञेवर सह्या घेतल्या. ती कायदेशीर हक्कसोड नाही, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. ५ ऑगस्टला एनसीएएने नियम केला की खेळण्याची अट म्हणून कोविडबाबतचे हक्क सोडून देण्याची सही मागता येणार नाही. त्या उन्हाळ्यातला हा एक चांगला निर्णय.

ट्रम्प यांनी खेळ सुरू केला, हे खरं आहे का?

नाही. पण त्यांचा काहीच संबंध नव्हता, असंही म्हणता येणार नाही.

नकाशा पाहिला की गोष्ट उलगडते. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्वेनिया, मिनेसोटा, ओहायो, आयोवा. नोव्हेंबरची निवडणूक ज्या राज्यांवर ठरणार होती त्यातली बरीचशी बिग टेनची राज्यं. एसईसीचे सामने होणार आणि मिशिगनमध्ये शनिवार सुना जाणार, हा प्रचाराचा आयता मुद्दा होता. बायडन यांच्या प्रचाराने रिकामी स्टेडियमं दाखवून दोष साथ हाताळण्यात अपयशी ठरलेल्या सरकारवर टाकला. ट्रम्प यांनी तो विद्यापीठांवर आणि गव्हर्नरांवर टाकला.

१ सप्टेंबरला ट्रम्प यांनी वॉरन यांना फोन केला आणि सगळं जवळजवळ जमलं आहे, असं जाहीर केलं. सरकारकडून चाचण्या पुरवण्याचा विषय त्या बोलण्यात होता. ६ सप्टेंबरला त्यांनी लिहिलं की मिशिगन, इलिनॉय आणि मेरिलँडचे गव्हर्नर अडसर होत आहेत. मेरिलँडचे गव्हर्नर लॅरी होगन हे त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते. आणि ऑगस्टचा निर्णय कोणत्याच गव्हर्नरचा नव्हता, विद्यापीठांच्या अध्यक्षांचा होता.

१६ सप्टेंबरच्या घोषणेनंतर नॉर्थवेस्टर्नचे अध्यक्ष मॉर्टन शापिरो, जे अध्यक्षांच्या समितीचे प्रमुख होते, त्यांनी सांगितलं की आपलं मत राजकारणाने, पैशाने किंवा दाव्यांनी बदललं नाही, डॉक्टरांनी दिलेल्या माहितीने बदललं. चाचण्या बिग टेनने खासगी कंपनीकडून घेतल्या, सरकारकडून नाही. तरी २९ सप्टेंबरला ओहायोतल्याच क्लीव्हलँडमध्ये झालेल्या वादविवादात ट्रम्प यांनी बिग टेन फुटबॉल मीच परत आणलं, असं ठणकावून सांगितलं. तीन दिवसांत त्यांची स्वतःची चाचणी पॉझिटिव्ह आली.

माझं मत असं: निर्णय फोनमुळे बदलला नाही. पण रोज दबाव वाढत असताना, तीन विद्यापीठं उघड नाराज असताना आणि एसईसीचे सामने २६ सप्टेंबरला सुरू होणार हे ठरलेलं असताना, डॉक्टरांच्या समितीला “कसं सुरू करता येईल” हाच प्रश्न दिला गेला. “सुरू करावं का” हा प्रश्न टेबलावर फार काळ राहिला नाही.

मग पाच आठवड्यांत बदललं काय?

झटपट चाचणी आली, हे खरं उत्तर. ऑगस्टच्या शेवटी स्वस्त अँटिजेन चाचण्यांना मंजुरी मिळू लागली. ३ सप्टेंबरला पॅक-१२ ने क्विडेल कंपनीशी करार केला आणि रोज चाचणी करता येईल हे सगळ्यांना दिसलं.

बिग टेनची पद्धत अशी होती. सकाळी सरावाआधी प्रत्येक खेळाडू, कोच, फिजिओ, मैदानावर येणारा प्रत्येक जण नाकात काडी फिरवून नमुना देतो. पंधरा-वीस मिनिटांत यंत्र निकाल देतं. निकाल येईपर्यंत मैदानावर पाऊल टाकायचं नाही. पॉझिटिव्ह आला तर त्याच दिवशी पीसीआरने खात्री. तीही पॉझिटिव्ह असेल तर रक्ततपासणी, ईसीजी, इकोकार्डिओग्राम आणि हृदयाचा एमआरआय, आणि सामना खेळायला किमान २१ दिवस मनाई. प्रत्येक विद्यापीठात यासाठी एक मुख्य संसर्ग अधिकारी नेमला. आठवड्याच्या सरासरीवर संघाला रंग मिळायचा. संघातल्या चाचण्यांत पॉझिटिव्ह ५ टक्क्यांच्या वर आणि संघाशी संबंधित एकूण माणसांत ७.५ टक्क्यांच्या वर गेले की लाल, आणि मग सराव व सामने किमान सात दिवस बंद.

देशातल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हा सगळ्यात कडक नियम होता. ओहायो स्टेटच्या संघाचे डॉक्टर जिम बोर्चर्स वैद्यकीय उपसमितीच्या प्रमुखांपैकी एक होते. त्यांच्याच विद्यापीठाचा एक छोटा अभ्यास घोषणेच्या काही दिवस आधी प्रसिद्ध झाला: कोरोनातून बरे झालेल्या २६ खेळाडूंपैकी चौघांच्या एमआरआयमध्ये मायोकार्डायटिसची लक्षणं. म्हणजे भीती गेली नव्हती. ती शोधून काढायची सोय झाली होती. वैद्यकीयदृष्ट्या हा युक्तिवाद मला पटतो.

आमची मुलं त्याच विद्यापीठात होती. त्यांच्या रोज चाचण्या का झाल्या नाहीत?

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

इलिनॉय विद्यापीठाने स्वतःची लाळेची चाचणी तयार करून सगळ्या विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा तपासणी केली. तो सन्माननीय अपवाद. बाकी बहुतेक ठिकाणी फुटबॉलपटूंची रोज चाचणी आणि त्यांच्या शेजारच्या वर्गातल्या मुलाची लक्षणं दिसल्यावर, अशी स्थिती होती. मिशिगन स्टेटने ऑगस्टमध्येच विद्यार्थ्यांना घरूनच शिका असं सांगितलं. बिग टेनबाहेर, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने वर्ग सुरू करून आठवड्यात ते ऑनलाइन नेले; फुटबॉल संघाने मात्र १२ सप्टेंबरला त्याच कॅम्पसवर पहिला सामना खेळला.

मिशिगन विद्यापीठाचं उदाहरण तर जसंच्या तसं पाहण्यासारखं आहे. २० ऑक्टोबरला वॉशटेनॉ काउंटीच्या आरोग्य खात्याने तिथल्या पदवी विद्यार्थ्यांना दोन आठवडे घरातच राहण्याचा आदेश दिला. वर्ग, औषध, किराणा, मतदान अशा कामांना मुभा. आणि वैद्यकीय देखरेखीखालच्या क्रीडा संघांनाही. चारच दिवसांनी त्यांचा फुटबॉल संघ मिनेसोटात सामना खेळत होता.

भारतीय घरांना हे जास्त लागलं, त्याला आणखी एक कारण होतं. ६ जुलैला अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने जाहीर केलं होतं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले आणि १४ जुलैला आदेश मागे घेतला गेला. पण त्या आठ दिवसांत पुण्या-नाशिकच्या घरांतून रात्री-रात्री फोन चालू होते: सामान बांधायचं की थांबायचं? विमानं बंद, हॉस्टेल रिकामं, व्हिसा अधांतरी. मुलांच्या त्याच विद्यापीठांनी महिन्या-दोन महिन्यांत खेळाडूंसाठी रोजच्या चाचण्या उभ्या केल्या, हे पाहून ज्यांना राग आला त्यांचा राग रास्त होता. चाचण्या मिळत होत्या. त्या आधी कोणाला द्यायच्या, हे टीव्हीच्या पैशाने ठरवलं.

आयपीएलही त्याच वर्षी झाली. मग कॉलेज फुटबॉललाच एवढी टीका का?

आयपीएल १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर दुबई, अबुधाबी आणि शारजात झाली. खेळाडू बायोबबलमध्ये, हॉटेल आणि मैदान यापलीकडे जाणं नाही. एनबीएनेही ऑर्लँडोत तेच केलं. ते सगळे व्यावसायिक, पगारी, करारबद्ध, आणि एनबीएच्या खेळाडूंची तर संघटनाही होती जिने नियमांवर वाटाघाटी केल्या. कॉलेजच्या मुलांना बबलमध्ये ठेवलं तर ती विद्यार्थी आहेत हा दावाच कोसळतो. म्हणून त्यांना गावात, भाड्याच्या खोल्यांत, रूममेटबरोबर ठेवून खेळवलं.

हंगाम कसा पार पडला?

ठेचकाळत. २३ ऑक्टोबरच्या शुक्रवारी रात्री विस्कॉन्सिनने इलिनॉयला ४५-७ असं हरवून सुरुवात केली. त्यांच्या नवख्या क्वार्टरबॅकने २१ पैकी २० पास अचूक टाकले. पाच दिवसांत संघात १२ जण पॉझिटिव्ह निघाले, सहा खेळाडू आणि सहा कर्मचारी, त्यात मुख्य कोचही. पुढचे दोन सामने रद्द. आठ आठवड्यांत आठ सामने आणि मध्ये एकही मोकळा आठवडा नाही, असं वेळापत्रक होतं. एकदा सामना गेला की गेला. उशिरा सुरू करण्याची ही किंमत.

नियम वाकवला गेला तो डिसेंबरमध्ये. विजेतेपदाच्या सामन्यासाठी किमान सहा सामने खेळलेले असणं बंधनकारक होतं. ओहायो स्टेटचे मेरिलँड, इलिनॉय आणि मिशिगनविरुद्धचे सामने रद्द झाल्याने पाचच उरले. मिशिगन-ओहायो स्टेट सामना १९१७ नंतर पहिल्यांदाच झाला नाही. नियमाप्रमाणे इंडियाना पुढे जायला हवं होतं. कित्येक दशकांनी त्या संघाला असा हंगाम लाभला होता, फक्त ओहायो स्टेटकडून ४२-३५ असा निसटता पराभव. ९ डिसेंबरला बिग टेनने सहा सामन्यांची अटच काढून टाकली. ओहायो स्टेट फायनलला गेलं, नॉर्थवेस्टर्नला २२-१० हरवलं, मग क्लेम्सनला हरवून ११ जानेवारी २०२१ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामाकडून ५२-२४ असं हरलं. त्याच डिसेंबरात २१ दिवसांची मनाई १७ वर आणली गेली.

ओहायो स्टेटने इंडियानाला मैदानावर हरवलं होतं, त्यामुळे खेळ म्हणून निकाल चुकीचा नाही. पण प्लेऑफमध्ये कॉन्फरन्सचा एक संघ गेला की सगळ्यांना पैसे मिळतात, हे माहीत असताना ऐनवेळी बदललेला नियम इंडियानाच्या मुलांना कसा वाटला असेल, हे सांगायला नको.

कोणाचा जीव गेला का? हृदयाची भीती खरी ठरली का?

सप्टेंबर २०२० मध्ये पेनसिल्वेनियातल्या एका छोट्या विद्यापीठाचा २० वर्षांचा फुटबॉलपटू कोरोनाच्या गुंतागुंतीने गेला. त्याच्या संघाचा हंगाम आधीच रद्द झालेला होता. बिग टेनमधल्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास मे २०२१ मध्ये आला: एमआरआय झालेल्या १,५९७ खेळाडूंपैकी ३७ जणांना मायोकार्डायटिस, म्हणजे २.३ टक्के. यातल्या २८ जणांना हृदयाचा कसलाच त्रास जाणवत नव्हता. फ्रँकफुर्टच्या आकड्यापेक्षा हे खूपच कमी. पण नियम नसता तर ते २८ जण तसेच मैदानात उतरले असते. ज्यांनी ऑगस्टमध्ये थांबायला सांगितलं त्यांना घाबरट म्हणणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

एसईसी, एसीसी आणि बिग १२ थांबलेच नाहीत. मग ते बरोबर ठरले का?

देशभरात शंभराहून जास्त सामने रद्द झाले किंवा पुढे गेले. ट्रेव्हर लॉरेन्सलाही दोन सामने बाहेर बसावं लागलं. ७ नोव्हेंबरला नॉत्रदामने क्लेम्सनला हरवल्यावर हजारो विद्यार्थी मैदानात घुसले. मोठी दुर्घटना टळली, एवढंच म्हणता येईल.

निदान पैसा तरी वाचला का?

टीव्हीचा बराचसा वाचला, तिकिटांचा गेला. मार बसला तो छोट्या खेळांना. आयोवाने पोहणं, पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स आणि टेनिस बंद करण्याचं जाहीर केलं. महिलांचा जलतरण संघ नंतर वाचला. मिनेसोटाने पुरुषांचं टेनिस आणि जिम्नॅस्टिक्स बंद केलं, मिशिगन स्टेटने पोहणं. कोचच्या पगारात थोडी कपात झाली. संघ मात्र कायमचे गेले.

खेळाडूंच्या त्या मागण्यांचं पुढे काय झालं?

न खेळणाऱ्याचं आणि खेळणाऱ्याचंही वर्ष मोजायचं नाही, हे एनसीएएने ऑगस्ट २०२० मध्येच मान्य केलं. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादेबाबतच्या ऑल्स्टन खटल्यात ९-० ने एनसीएएविरुद्ध निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या दाव्यातल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि २०१६ पासूनच्या खेळाडूंसाठी २.८ अब्ज डॉलरची भरपाई ठरली. २०२० साली रोज सकाळी नाकात काडी घालणारी मुलंही त्यात येतात.

खेळाडूंच्या संघटनेला मात्र एकाही मोठ्या कॉन्फरन्सने मान्यता दिलेली नाही. आणि खेळणं संपल्यानंतर सहा वर्षांचा विमा मागितला होता, त्याऐवजी ऑगस्ट २०२४ पासून एनसीएएने दोन वर्षांचं संरक्षण सुरू केलं, खेळताना झालेल्या दुखापतींपुरतं. २०२० चा हंगाम खेळून लगेच बाहेर पडलेल्यांना ते लागू नाही.